कुलपाखालचा मजकूर

ऑफिसात त्याला सगळे कुलूपवाला म्हणायचे. समोर असला की ‘कुलूपवाले काका’, पाठ वळली की नुसताच कुलूपवाला. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. निदान कामावरून नाव पडलं, भुवईवरून नाही, असं तो बायकोला सांगायचा. भुवईवरून पडायला तसा पुरेपूर वाव होता. त्याची डावी भुवई नाकाकडून ठीकठाक निघायची आणि मध्यावर येऊन संपायची. पुढे नुसता गुळगुळीत व्रण. नव्या माणसाची नजर एकदा तिथे जायची, मग तो माणूस दुसरीकडे बघायचा आणि विषय मिटायचा.

काम सांगायला सोपं होतं. एका वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर कुठल्या मजकुराला कुठे कुलूप लावायचं, ते तो ठरवायचा. वाचक लेख उघडतो, चार परिच्छेद वाचतो, जरा रंगात येतो आणि तेवढ्यात खालची अक्षरं धूसर होतात. मधोमध कुलपाचं चित्र येतं आणि त्याखाली ओळ येते: पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा. ते चित्र वर आणायचं की खाली न्यायचं, एवढंच त्याचं काम.

मालकांनी पहिल्यांदा वर्गणी लावली तेव्हा गाव हसलं होतं. ज्या इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं तिथे पैसे मागायचे म्हणजे वाऱ्याला तिकीट लावायचं. त्याची बायको तर ‘फुकट ते पौष्टिक’ या मताची. नवऱ्याच्या पगाराची साइट असली तरी तिने दमडी भरली नाही. सुरुवातीला कुलूप मशीनच लावायचं, तिसऱ्या परिच्छेदानंतर, सरसकट. मशीनला काय कळणार? कधी कुलपाखाली वाचण्यासारखं काही उरायचं नाही, कधी कुलूप इतकं वर पडायचं की आत काय शिजतंय त्याचा वासही बाहेर येत नसे. पैसे कुणी भरेना. छापील अंक मोडीत निघालेला, साइटचं हे असं, आणि ऑफिसात जो तो दुसरी नोकरी शोधायला लागलेला.

हा तेव्हा जुना उपसंपादक होता. बातमी शेपटाकडून कापण्यात याचं आयुष्य गेलं होतं. एके दिवशी गंमत म्हणून त्याने एका लेखाचं कुलूप हाताने दोन ओळी वर सरकवलं. त्या लेखावर धडाधड वर्गण्या आल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लेखाचं सरकवलं, पुन्हा तेच. संपादक मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आजपासून तुम्ही बाकी काही करू नका. लोक इंटरनेटवर पैसे भरतात की नाही, या प्रश्नावर मोठमोठ्या परिषदा होत होत्या. त्याच्या मते उत्तर साधं होतं: लोक बातमीला भरत नाहीत, पण एखाद्या माणसाचं पुढे काय झालं, याला भरतात.

त्याची रीत कुणालाच ठाऊक नव्हती. तो मजकूर वरून वाचायला घ्यायचा, अगदी वाचकासारखा. वाचता वाचता जिथे श्वास अडकेल तिथे, आणि तेही पूर्णविरामावर, कुलूप लावायचा. वाक्य मधेच तोडणं हे नवशिक्याचं काम; त्याने वाचक चिडतो, भरत काही नाही. आणि एकदा कुलूप लागलं की त्याखालचा एकही शब्द तो वाचायचा नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना वाटायचं, काका आधी सगळं वाचून घेतात, म्हणून इतकं नेमकं साधतं. खरं तर गेल्या कित्येक वर्षांत त्याने कशाचाही शेवट वाचलेला नव्हता.

ही खोड लहानपणची होती. त्याच्या वडिलांचं भाड्याने पुस्तकं देण्याचं दुकान होतं. जिन्याशेजारची एक खोली, छतापर्यंत फळ्या, आणि सदा खळीचा वास. जाडजूड कादंबरी आली की वडील तिची बांधणी उसवून दोन, कधी तीन तुकडे करायचे, खळ लावून प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा घालायचे. प्रत्येक तुकड्याचं भाडं वेगळं. पहिला भाग संपवून वाचक धापा टाकत दुसऱ्यासाठी आला पाहिजे, तरच त्या उपद्व्यापाला अर्थ. सुरी कुठे चालवायची ते वडिलांना कधी साधलं नाही. ते साधायचं या धाकट्याला. फरशीवर पालथा पडून तो वाचायचा आणि श्वास अडकला की त्या पानात कागदाची चिठ्ठी घालून पुस्तक मिटायचा. पुढचं पान उलटायचं नाही, ही वडिलांची सक्त ताकीद. पुढचं कळलं की हात हलतो, असं ते म्हणायचे.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्याला कात्री म्हणायचा. वडीलही म्हणायला लागले. ते नाव त्या खोलीबाहेर कधी गेलं नाही. भुवईसुद्धा तिथेच गेली: दादा एका पुस्तकाच्या कडा कापत होता, हा नको तेवढा वाकून बघत होता आणि सुरी सटकली. रक्त याचं आलं, पण रडला दादाच जास्त.

मग शेवट कळायचे कसे? तर दादा सांगायचा. निजताना एका पांघरुणात शिरून तो उरलेली कादंबरी सांगायचा. म्हाताऱ्याचा आवाज वेगळा, दरोडेखोराचा वेगळा. तो दम घ्यायला थांबला की कात्री विचारायचा, ‘पुढे?’ आणि दादा पुढे सांगायचा. पण दादा नुसतं भावाला सांगून थांबणारा नव्हता. ज्यांना दुसऱ्या भागाचं भाडं परवडायचं नाही, त्यांना तो दुकानाच्या जिन्यावर बसून उरलेलं फुकट सांगायचा. जिना माणसांनी भरून जायचा. वडील गल्ल्यावरून ओरडायचे आणि दादा हसून हाताने माशी हाकलल्यासारखं करायचा.

मुलं मोठी झाली, दादा नोकरीसाठी दूरच्या गावी गेला, पुढे दुकान बसलं, आणि त्याच वर्षी वडील गेले. दादा घरी आला तेव्हा कात्री त्याला म्हणाला, “तू सगळं फुकट सांगत बसलास म्हणून दुकान बुडालं. बाबा तुझ्यामुळे गेले.” दादाने काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी तो एक बॅग घेऊन गेला तो गेलाच. ना पत्ता, ना फोन.

त्यानंतर धाकट्याने शेवट वाचणंच सोडलं. सिनेमालासुद्धा तो मध्यंतरात बाहेर येऊन बसायचा आणि बायको उरलेला सिनेमा एकटी बघायची. तिने शेवट सांगायला सुरुवात केली की हा उठून नळ सोडायचा. शेवट ऐकायचे ते दादाच्याच तोंडून, अशी त्याने मनाशी गाठ मारून ठेवली होती. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण दादा एकदा परत यावा, आपण पायाशी बसून चूक कबूल करावी आणि त्याने राहिलेले सगळे शेवट त्याच्या आवाजात सांगावेत, याहून जास्त त्याला काही नको होतं. त्याने दादाला शोधला नाही. शोधून सापडला आणि बोलला नाही तर काय, ही भीती होती. अशी भीती माणसाला वर्षानुवर्षं जागच्या जागी बसवून ठेवते.

आता मूळ गोष्ट. साइटवर वाचकांच्या आठवणींचं एक सदर होतं. ते बघणारी मुलगी एका दुपारी त्याच्या टेबलाशी आली. एरवी ती मजकूर पाठवून द्यायची. त्या दिवशी स्वतः आली आणि उभी राहिली. म्हणाली, काका, हे आलंय, तुम्ही बघा. आवाज जरा घोगरा वाटला, पण सर्दी असेल म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. स्क्रीनवर मजकूर असा होता:

‘मी राहतो तिथून बंदर दिसतं. क्रेन दिवसभर पेट्या उचलतात आणि दुसरीकडे ठेवतात. या खोलीत आम्ही सहा जण आहोत. संध्याकाळी मी बाकीच्यांना गोष्टी सांगतो. येत होत्या तेवढ्या सगळ्या सांगून झाल्या. आता एकच उरली आहे. ती यांच्यापैकी कुणाची नाही. ती माझ्या धाकट्या भावाची आहे आणि इतकी वर्षं मी ती त्याच्यापासून लपवून ठेवली आहे.’

त्याचा श्वास अडकला. असा अडकला की छातीत कळ आली आणि बोटं कीबोर्डवर थिजली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्याच्या मनात पाल चुकचुकली असती. हा मात्र खूश झाला. श्वास अडकला म्हणजे जागा सापडली, हे त्याचं लहानपणापासूनचं गणित. जितका जास्त अडकला तितकी जागा अस्सल. त्याने तिथल्याच पूर्णविरामावर कुलूप लावलं आणि मजकूर पुढे ढकलला.

मुलगी अजून उभीच होती. “काका, एवढंच?”

“एवढंच,” तो म्हणाला. “यापुढचं पैसे भरून.”

ती त्याच्याकडे बघत एक पाऊल मागे सरली. मग वळून गेली आणि त्या दिवशी पुन्हा त्याच्या बाजूला फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये जाहिरात विभागातली तिघं गप्पा मारत उभी होती. हा शिरला आणि गप्पा थांबल्या. तिघांच्याही नजरा त्याच्या भुवईवर होत्या. एकदा जाऊन परत फिरायच्या त्या नजरा फिरल्याच नाहीत. त्याच्या मजल्यापर्यंत ती तिघं तशीच बघत राहिली. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर कुणी बसलं नाही. मॅडमनी बोलावलं आणि स्क्रीनवरचा आलेख दाखवला. रेघ सरळ वर गेली होती. एका मजकुरावर एवढ्या वर्गण्या कधी आल्या नव्हत्या. पण मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. त्या आलेखाकडे बघत म्हणाल्या की रजा हवी असेल तर घ्या, हवी तेवढी घ्या, कुणी काही विचारणार नाही. काम उत्तम झालंय आणि रजा घ्या म्हणतायत, म्हणजे नारळ द्यायची तयारी. त्याने कसंबसं हसून सांगितलं की रजेची काही गरज नाही. मॅडमनी मान वर करून त्याच्या भुवईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “नाही? बरं.” त्या ‘बरं’मध्ये इतका थंडपणा होता की तो दिवसभर पुन्हा पुन्हा ते आठवत राहिला.

मग ते रस्त्यावर आलं. औषधाच्या दुकानात तो रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेला. दुकानदार अनेक वर्षांचा ओळखीचा. त्याने गोळ्या पुढे केल्या, भुवईकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “अजून इथेच?” कुठे जायला हवं होतं, असं याने विचारलं, तर तो मागच्या खणात काहीतरी शोधायला लागला आणि बाहेर येईचना. बस स्टॉपवर एका बाईने त्याला पाहून स्वतःची भुवई चाचपली. चार माणसं सोडून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानेही चाचपली. त्या दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. बसमध्ये कुणी ना कुणी उठून त्याला जागा द्यायचं आणि जागा देणाऱ्याच्या डोळ्यांत आदर नसायचा.

घरासमोरच्या फुटपाथवर संध्याकाळी माणसं उभी राहायला लागली. फार नाही, एक गेला की दुसरा यायचा. काही करायची नाहीत. त्याच्या खिडकीकडे बघायची, घड्याळ बघायची आणि निघून जायची. एकदा हा तावातावाने खाली गेला आणि काय पाहिजे म्हणून विचारलं. समोरच्या चांगल्या कपड्यातल्या गृहस्थाने दोन्ही हात वर केले आणि सांगितलं, “तसं काही नाही. आम्हाला बोलायचं नाहीये.” त्यातला तो ‘आम्हाला’ ऐकून हा आल्या पावली वर गेला.

बायकोलाही झळ लागली होती. शेजारणीने तिला विचारलं होतं, यांची बॅग भरून झाली का. कसली बॅग, तर शेजारणीने दार लावून घेतलं. बायकोला वाटलं नवऱ्याची बदली झालीये आणि तो लपवतोय. मग तिला त्याहून वाईट शंका आली. तिने सरळ विचारलं, तुमचं बाहेर काही चाललंय का? त्याला हसू आलं आणि ते हसू मधेच विरलं. ऑफिसात वर्गण्या वाढत होत्या आणि रस्त्यावर बघणारे डोळे वाढत होते. या दोन्ही रेघा एकच आहेत, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. पण डोळ्यांपुढचं दिसत नाही म्हणतात ते उगीच नाही.

एका सकाळी तो कामाला निघाला तर जिन्यात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका भेटल्या. एरवी हवापाण्याच्या गप्पा मारणाऱ्या बाई. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि म्हणाल्या, “अजून इथेच आहात? आज आहे ना?”

“काय आहे आज?”

काही क्षण त्या सांगतील असं वाटलं. मग त्यांनी मान हलवली. “नाही हो. बोलू नका म्हणून सांगितलंय त्यांनी.” आणि त्या गुडघे दुखत असतानाही भराभर जिना चढून गेल्या.

त्या दिवशी त्याने काय काम केलं, त्याला आठवत नाही. कुणी सांगितलंय, काय बोलायचं नाहीये, आज काय आहे? शहराला आपल्याबद्दल काहीतरी ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, एवढं आता त्याला कळलं होतं. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसासारखा वेळेआधी घरी निघाला. कोपऱ्यावर एक बाई तिच्या छोट्या मुलीचा हात धरून सिग्नलला उभी होती. मुलीने वर पाहिलं, त्याच्या कपाळाकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आई, कात्री!”

आईने तिचं तोंड दाबलं आणि तिला ओढत रस्ता ओलांडला. सिग्नल बदलला, पुन्हा बदलला. तो तिथेच उभा होता. ते नाव त्याच्याखेरीज जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक माणूस केव्हाच गेलं होतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. दुकान, चिठ्ठ्या, कात्री, आणि तो मजकूर, त्याचं कुलूप. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे पहिल्यांदा ऐकलं. ऐकून ती रागावली नाही. म्हणाली, “अहो, कुलूप तुमचंच ना? मग उघडा की.”

त्याने फोन घेतला. ऑफिसच्या मशीनवर त्याला सगळं मोकळं दिसायचं. फोनवर तो चारचौघांसारखा वाचक होता. मजकूर उघडला, बंदर आलं, क्रेन आल्या, सहा माणसं आली, धाकटा भाऊ आला आणि पूर्णविरामावर अक्षरं धूसर झाली. कुलूप अगदी नेमकं बसलं होतं. त्याला आपल्याच हाताचा संताप आला. शेवटी त्याने वर्गणी भरली. ‘आभारी आहोत’ अशी ओळ आली आणि खालचा मजकूर उघडला.

‘त्याचं खरं नाव सांगत नाही. मी त्याला कात्री म्हणायचो. त्याची डावी भुवई अर्धी आहे. ती माझ्या हातून गेली. तो तुमच्याच पेपरात आहे हे मला कुणी सांगितलं नाही. कुलूप कुठे पडतं त्यावरून मी त्याचा हात ओळखला. लहानपणी तो चिठ्ठी घालायचा ती अशीच.

‘ही खोली इस्पितळातली आहे. माझ्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. त्यानंतर आवाज राहणार नाही. उरलेली गोष्ट मला त्याला माझ्या आवाजात सांगायची आहे, म्हणून ती इथे लिहीत नाही. या मजकुराला कुलूप तोच लावील, म्हणजे तो हे सगळ्यांच्या आधी वाचेल. यावंसं वाटलं तर येईल. नाही आला तर त्याचा राग मला समजतो. तो तुम्हाला कुठे दिसला तर कृपा करून त्याला काही बोलू नका, ढकलू नका. तो आपणहून आला तरच त्याला अर्थ आहे.’

खाली इस्पितळाचा पत्ता होता, वॉर्ड होता आणि ऑपरेशनची तारीख होती. तारीख आजची होती. वेळ सकाळची होती, आणि खिडकीबाहेर दिवस मावळत आला होता.

बायकोने खुर्चीवरून त्याला उठवलं, बॅग भरली, हातात छत्रीसुद्धा दिली. तो रडत नव्हता, फक्त पुन्हा पुन्हा म्हणत होता की त्यांना वाटलं मी वाचलंय. मुलीला वाटलं, मॅडमना वाटलं, औषधवाल्याला वाटलं. सगळ्या गावाला वाटलं की मी वाचलं आणि बसून राहिलो. स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत त्याने तोंड उघडायच्या आत तिकीट पुढे आलं, बंदराच्या गावाचं. काचेमागचा माणूस त्याच्या भुवईकडे बघत म्हणाला, “उशीर केलात.”

इस्पितळात त्याला लगेच आत सोडलं नाही. ऑपरेशन झालं होतं, माणूस जगेल म्हणाले, पण भेटायला वेळ लागेल. तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. तिथेच मॅडमचा निरोप आला: तुम्ही गेलात ते वाचकांना कळलंय, सगळे विचारतायत पुढे काय झालं, तुम्ही लिहाल का, कुलूप कुठे लावायचं तेही तुम्हीच ठरवा. त्याने फोन बंद करून बॅगेत तळाशी ठेवला.

शेवटी सिस्टर आली, भुवईकडे पाहिलं आणि काही न विचारता त्याला वॉर्डात घेऊन गेली. सहा खाटा होत्या. पाच जणांनी त्याच्याकडे मान वळवली. सहावा माणूस खिडकीपाशी उशांना टेकून होता. गळ्याला पांढरी पट्टी, हात वाळलेले, केस गेलेले. त्याने अंगठा उचलून स्वतःच्या डाव्या भुवईवरून फिरवला आणि मध्यावर थांबवला.

कुलूपवाला खाटेशी खाली बसला. जे इतकी वर्षं मनात घोकलं होतं ते सगळं तो बोलला: की माझं चुकलं, की मी वाचलंच नव्हतं, की वाचलं असतं तर त्याच दिवशी आलो असतो. दादाने हसून माशी हाकलल्यासारखा हात केला. मग शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं.

शेजारी एक म्हातारा गवंडी होता, पायाला प्लास्टर घातलेला. तो घसा साफ करत म्हणाला, “ती गोष्ट त्यांनी माझ्याकडे ठेवलीये. आदल्या संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होते. मग म्हणाले, तो आला तर तू सांग. मला काही त्यांच्यासारखं रंगवून सांगता येत नाही हं.”

आणि त्याने सांगितलं. जिन्यावर बसून उरलेलं फुकट सांग, असं बाबांनीच दादाला सांगितलं होतं. ज्याला दुसरा भाग परवडत नाही त्याचं मन भरलं तर तो पुढच्या पुस्तकाचा पहिला भाग न्यायला नक्की येतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. गल्ल्यावरून ओरडणं सगळं नाटक. दुकान चालायचं ते त्या जिन्यावर. दादाला दूरच्या गावी नोकरी लागली, जिना ओस पडला आणि मग पहिला भागही कुणी नेईना. “तुमचे वडील म्हणाले होते,” गवंडी म्हणाला, “धाकट्याला यातलं काही कळू देऊ नको. त्याला वाटू दे की दुकान त्याच्या चिठ्ठीवर चालतं. लहान आहे, हिरमुसेल. यांनी शब्द दिला होता. म्हणून तुम्ही बोललात तेव्हा गप्प बसले.”

बाहेर एक क्रेन पेटी घेऊन थांबली होती. कुलूपवाल्याने दादाचा हात दोन्ही हातांत धरला. त्याला खूप काही म्हणायचं होतं, पण तोंडातून आला तो लहानपणचा एकच शब्द.

“पुढे?”

दादाने डोळे मिटून घेतले. मग उघडले, उशांवर जरा सावरून बसला आणि सांगायला लागला. ओठ हलत होते. गळ्यातून आवाज नव्हता, तोंडातून वाराही येत नव्हता. भुवया चढल्या की म्हातारा बोलत होता, आवळल्या की दरोडेखोर. कुठली कादंबरी, कुठला भाग, काही कळायला मार्ग नव्हता. धाकट्याने कान त्याच्या ओठांजवळ नेला आणि ऐकत राहिला. सिस्टर दोनदा वेळ संपली म्हणून सांगायला आली आणि न बोलता परत गेली. ओठ थांबेपर्यंत तो जागचा उठला नाही.